गेलेला ताबा

पौषात धान कापून, बांधून, पुंजण्यांत रचून झाले म्हणजे वैनगंगेच्या काठच्या गावांत ज्या बांध्या रित्या होतात, त्यांतली एखादी सपाट बांधी गावकरी हेरून ठेवतात, तिच्यातली धसकटे खणून काढतात, पाणी शिंपडून माती चोपतात, वर कोंडा पसरतात आणि पांढऱ्या फक्कीने तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद असे कबड्डीचे मैदान आखतात. आणि मग ज्या जमिनीने पावसाळाभर चिखलात वाकलेली माणसे पाहिली, तीच जमीन दोन दिवस जिंकण्या-हरण्याची भूमी होते. दिवसा सामने आणि रात्री नाटक हा झाडीपट्टीतला शिरस्ता आहे. आरमोरी तालुक्यातल्या अशाच एका गावी गेल्या हिवाळ्यात मी अंतिम सामना पाहिला, आणि सामना संपल्यापासून नाटकाची घंटा होईपर्यंत शेकोटीपाशी जे संभाषण ऐकले, ते सामन्याहून अधिक काळ मनात राहिल्यामुळे येथे नोंदवून ठेवीत आहे.

यजमान गावाचा संघ २८–३० असा हरला. अखेरच्या मिनिटाला गुणफलक २८–२९ असा असताना त्या संघाचा एकोणीस वर्षांचा चढाईपटू मध्यरेषा ओलांडून गेला. आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या, म्हणून ही तिसरी, निर्णायक चढाई होती. समोर पाचच गडी उभे होते, म्हणून बोनसची वाटही बंद होती. तो निदानरेषेच्या पलीकडे खोल गेला, डाव्या कोपऱ्यातल्या गड्याला पायाने टिपण्यासाठी वळला, आणि त्याच क्षणी उजवीकडच्या दोघांची साखळी त्याच्या कमरेवर येऊन पडली. मध्यरेषेपासून हातभर अंतरावर त्याची बोटे कोंड्यात रुतलेली मी पाहिली. शिटी वाजली तेव्हाही ती पुढे सरकण्याची धडपड करीत होती. लोक उठले ते एकच वाक्य बोलत उठले: या पोराने घालवली.

शेकोटीपाशी दोन वृद्ध बसले होते. एक गुरुजी, ज्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांतून सारा जन्म शारीरिक शिक्षण शिकवले आणि ज्यांच्या हाताखालून या पंचक्रोशीतले अर्धेअधिक खेळाडू गेले. दुसरे भाऊसाहेब, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, ज्यांना प्रत्येक गोष्टीचा दाखला आणि तपशील लागतो, आणि जे कबड्डीचा सामनाही मांडीवर वही ठेवून, चढाईमागून चढाई टिपीत पाहतात. त्यांची कन्या अमेरिकेत टेक्सास राज्यात असते. तिच्याकडे घालवलेल्या दोन हिवाळ्यांत जावयाच्या शेजारी बसून त्यांनी तिकडचा फुटबॉल पाहिला, समजावून घेतला आणि त्याचाही हिशेब ठेवला.

गुरुजी : भाऊसाहेब, लोक कठोर बोलले, पण खोटे बोलले नाहीत. मी शाळेत पहिल्या दिवसापासून एकच धडा देत आलो: गुण नंतर आण, आधी स्वतः परत ये. चढाईपटू पकडला गेला म्हणजे प्रतिपक्षाला केवळ एक गुण मिळत नाही. त्यांचा बसलेला एक गडी उठतो, आपला सर्वांत उपयोगी गडी बाहेर बसतो, आणि सात जणांनी राखायचे अंगण सहा जणांवर येते. एका पकडीतून दुसरी होते, दुसरीतून तिसरी, आणि शेवटी लोण. ज्याच्या पकडी कमी, तो संघ जिंकतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याला पुराव्याची गरज मला वाटत नाही.

भाऊसाहेब : गुरुजी, आपला अनुभव मला शिरसावंद्य आहे, परंतु कचेरीत मी एक गोष्ट शिकलो, की फैसला आधी आणि चौकशी नंतर झाली म्हणजे बहुधा निरपराध माणूस सापडतो. आपण त्या अखेरच्या चढाईचीच रुजुवात करू. गुण २८–२९. म्हणजे चढाईपूर्वीच आपण मागे होतो. जिंकत असलेला सामना त्याने घालवला, असे तर नव्हेच. शिवाय ती तिसरी चढाई होती. रिकाम्या हाताने तो सुखरूप परतला असता, तरी नियमाप्रमाणे बादच ठरला असता आणि प्रतिपक्षाला तोच एक गुण मिळाला असता. पकडले जाण्याची किंमत आणि भिऊन परतण्याची किंमत जेथे एकच, तेथे पकडले जाण्याने त्याने अधिक काय गमावले? उलट, बरोबरी साधण्याची जी एकच वाट होती, तिच्यावर तो चालला. हा दोष धरायचा असेल, तर धैर्यालाही दोष म्हणावे लागेल.

गुरुजी : या एका चढाईपुरते मी मान्य करतो. पण अपवादाने नियम मोडत नाही. सर्वसाधारण नियम काय? जो अधिक वेळा सापडतो, तो हरतो.

भाऊसाहेब : तोच नियम अमेरिकेतल्या मंडळींनाही फार प्रिय आहे, म्हणून तिकडची कैफियत सांगतो. त्यांच्या फुटबॉलमध्ये अकरा गड्यांचा संघ लांबट, अंडाकृती चेंडू घेऊन शंभर यार्डांच्या मैदानात पुढे सरकतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकला, तर त्याला आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. हा झाला रीतसर हस्तांतराचा मार्ग. पण दोन अकस्मात मार्ग आहेत. एक, आपण फेकलेला चेंडू प्रतिपक्षाच्या गड्याने मधल्यामध्ये झेलणे. दुसरा, धावताना हातातून चेंडू निसटणे आणि तो त्यांनी उचलणे. या दोहोंना मिळून मी माझ्या वहीत ‘ताबा जाणे’ म्हणतो, कारण जमिनीच्या प्रकरणांत सारा जन्म घालवलेल्या माणसाला त्याहून नेमका शब्द सुचत नाही. २०१२ साली एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया या नावाने तो खेळ आपल्याकडे आणण्याचा यत्न झाला, त्यात पुणे मराठाज नावाचा संघही होता. तो यत्न रुजला नाही, पण त्या खेळातला हा प्रश्न मात्र आपल्या बांधीतही उभा आहे.

गुरुजी : मग तिकडे ताबा घालवणारा जिंकतो की काय?

भाऊसाहेब : बहुधा हरतो. ३१ जानेवारी १९९३ रोजी त्यांच्या सुपर बोल नावाच्या अंतिम सामन्यात बफेलोच्या संघाने नऊ वेळा ताबा घालवला, चार वेळा फेकलेला चेंडू झेलला जाऊन आणि पाच वेळा हातातला निसटून. आणि डॅलसने त्यांना ५२–१७ असे धुऊन काढले.

गुरुजी : झाले तर! याहून स्पष्ट साक्ष कोणती हवी?

भाऊसाहेब : प्रतिपक्षाचा साक्षीदारही तपासावा लागतो. त्याच स्पर्धेचा १७ जानेवारी १९७१ रोजी झालेला अंतिम सामना घ्या. बाल्टिमोरने सात वेळा ताबा घालवला, डॅलसने चार वेळा. आणि बाल्टिमोर १६–१३ असे जिंकले. ५ फेब्रुवारी २०१७ रोजी न्यू इंग्लंडचा संघ अटलांटापुढे ३–२८ असा मागे पडला होता. त्याने ताबा दोनदा घालवला, अटलांटाने एकदाच, आणि तरी जादा वेळेत ३४–२८ असा विजय न्यू इंग्लंडचा झाला. आता हे दोन सामने अपवाद आहेत, हे मी स्वतःच सांगतो. माझा मुद्दा निराळा आहे. पराभव आणि गेलेला ताबा हे दोघे बहुधा एकत्र दिसतात, यात संशय नाही. परंतु एकत्र दिसणाऱ्या दोघांपैकी बाप कोण आणि मुलगा कोण, हे नुसत्या एकत्र दिसण्यावरून ठरत नाही. मागे पडलेल्या संघाजवळ वेळ उरत नाही. वेळ उरत नाही म्हणून त्याला लांब चेंडू फेकावा लागतो. समोरच्यांना तो फेकणार हे ठाऊक असते, म्हणून ते झेलायला टपून बसतात. सामना संपल्यावर हिशेब केला, की हरलेल्याच्या नावे ताबा गमावल्याच्या चार नोंदी दिसतात, आणि आपण म्हणतो, चार वेळा घालवला म्हणून हरला. वास्तविक त्यांतल्या तीन वेळा तो हरत होता म्हणून घालवला.

हे ऐकून गुरुजी काही वेळ गप्प राहिले. शेकोटीत कोणी तरी तणसाची पेंढी टाकली, जाळ उसळला, आणि त्या उजेडात मैदानाच्या पलीकडे, धुऱ्यावर एकटाच बसलेला तो मुलगा मला दिसला. त्याच्या खांद्यावर चादर होती आणि तिच्याखाली पाठीवरचा क्रमांक अजून तसाच होता.

भाऊसाहेब : आपल्या भागातलेच उदाहरण देतो. उन्हाळ्यात गावची बोडी आटते, म्हणून गुरे पाण्याच्या शोधात जंगलात लांब जातात, आणि लांब गेली म्हणून एखादी गाय वाघाच्या तावडीत सापडते. नुकसानभरपाईसाठी पंचनामा होतो. त्यात मृत्यूचे कारण वाघ असे लिहिले जाते, आणि ते खोटेही नसते. पण बोडीचा उल्लेख त्या कागदात कोठेच नसतो. अखेरची पकड हा वाघ आहे, गुरुजी. बोडी केव्हा आटली, ते आपण विचारीत नाही.

गुरुजी : दृष्टांत चांगला आहे, परंतु त्यातून आपण जे सुचवता ते मला पुरते पटत नाही. मागे पडलेला माणूस सापडणारच, असे म्हटले की त्याच्या हाती काहीच उरत नाही. २०१६ च्या विश्वचषकाचा अहमदाबादचा अंतिम सामना आठवा. मध्यंतराला भारत इराणपुढे १३–१८ असा मागे होता, आणि पहिल्याच सामन्यात कोरियाकडून हार झाल्यामुळे मनावर दडपणही होते. आपल्या न्यायाने पाहिले, तर दुसऱ्या डावात आपल्या चढाईपटूंनी अंगावर धावून जाऊन एकामागून एक पकडी द्यायला हव्या होत्या. झाले उलट. अजय ठाकूरने दम राखला, योग्य क्षणाची वाट पाहिली, एकट्याने बारा गुण आणले, आणि दुसऱ्या डावात भारताचे पंचवीस गुण झाले तेथे इराणचे अकराच. सामना ३८–२९. बोडी आटली होती, भाऊसाहेब, पण गुराख्याने गुरे सांभाळली.

भाऊसाहेब : मान्य आहे. मागे पडणे हे कारण आहे, पण ते माणसाला बांधून टाकणारे कारण नव्हे.

गुरुजी : आणि दुसरी गोष्ट. तुमच्या त्या खेळात ताबा चेंडूचा. आमच्या खेळात चेंडूच नाही. राखायचे ते स्वतःला, गमवायचे ते स्वतःला. मग दोहोंचा हिशेब एका वहीत कसा मांडता?

भाऊसाहेब : हा भेद आपण अचूक धरलात, आणि तो माझ्या विरुद्ध जातो, तरी सांगतो. त्यांचा निसटलेला चेंडू अंडाकृती असल्यामुळे जमिनीवर पडला की कोणीकडे उसळेल, याचा नेम नसतो. तो निसटण्यात कोणाचे तरी कसब किंवा चूक असते, पण निसटल्यावर तो कोणाच्या हाती लागेल, हे पुष्कळसे दैवावर आहे. म्हणून तिकडे एका हंगामात ज्या संघाला असे चेंडू भरमसाट सापडले, त्याला पुढच्या हंगामातही ते तसेच सापडतील, असा भरवसा शहाणा माणूस धरीत नाही. कबड्डीत दैवाचा वाटा इतका नाही. पकड झाली ती कोणी तरी केली, किंवा कोणी तरी करू दिली.

गुरुजी : आता किमतीचे सांगा. तुमच्या वहीत एका गेलेल्या ताब्याची किंमत किती?

भाऊसाहेब : बॉब कॅरोल, पीट पामर आणि जॉन थॉर्न या तिघांनी १९८८ साली त्या खेळाच्या आकडेमोडीवर एक ग्रंथ लिहिला. त्यांचा हिशेब असा, की मैदानात चेंडू जेथे असेल त्या जागेला काही गुणांचे मोल असते. स्वतःच्या रेषेला चिकटून असाल, तर उणे दोन, प्रतिपक्षाच्या रेषेशी पोचला असाल, तर सहा. आता गंमत पाहा. आपल्या दाराशी ताबा गेला, तर आपल्याजवळचे थोडेच गेले, पण प्रतिपक्षाला पुष्कळ मिळाले. त्यांच्या दाराशी गेला, तर आपले पुष्कळ गेले, पण त्यांना थोडेच मिळाले. दोन्ही रकमांची बेरीज सर्वत्र सारखीच, चार गुण. एका गोलरेषेपार नेलेल्या चेंडूचे सहा गुण मिळतात, तेथे चार हे काही किरकोळ नव्हेत. पण सामना बुडवील इतकेही नव्हेत. दोन गेलेले ताबे चांगल्या खेळाने भरून निघतात. नऊ निघत नाहीत.

गुरुजी : चार गुण! आमच्या खेळात असा ठोक भाव सांगता यायचा नाही, आणि त्याचे कारण तुम्हांला सांगतो. कारण हा भाव दैवाने ठरत नाही, चालीने ठरत नाही, तो नियमाने ठरतो. नियमांची घडी बसण्यापूर्वी हुतूतू तीन तऱ्हांनी खेळला जाई. एक अमर: तीत बाद झालेला गडी बाहेर जातच नसे, गुण तेवढा मांडला जाई. तेथे पकडले जाण्याची किंमत नेमकी एक गुण, कवडीनेही अधिक नाही. दुसरी गामिनी: तीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर, त्याला उठवण्याची सोयच नाही. तेथे पहिल्याच मिनिटाला तुमचा कसलेला चढाईपटू पकडला गेला, तर डाव बहुतेक तेथेच आटोपला. आणि तिसरी संजीवनी: तीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला की आपला एक उठतो. आजचा खेळ या संजीवनीतून आला. साताऱ्याकडे १९२१ च्या सुमारास नियमांची घडी बसू लागली आणि आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला जाऊन जगाला जो खेळ दाखवला, त्याचे मर्म मला नेहमी या एका गोष्टीत वाटले, की येथे चुकलेल्याला शिक्षा आहे, पण त्याला परत आणणे सोबत्यांच्या हाती आहे. अमर खेळात चुकीला मोल नाही, गामिनीत क्षमा नाही. संजीवनीत मोलही आहे आणि क्षमाही आहे.

भाऊसाहेब : गुरुजी, हे आपण मला पूर्वीच सांगायला हवे होते. मग प्रश्नच बदलला. गेलेल्या ताब्याने सामना किती फिरतो, याचे उत्तर ताब्यात नसून, तो गेल्यावर मागचे सहा जण काय करतात, यात आहे.

गुरुजी : म्हणूनच म्हणतो, एका पकडीतून दुसरी होते. किंवा होऊ दिली जात नाही.

भाऊसाहेब : तर मग आता आजची वही उघडतो. पहिल्या डावात गुण ९–८, आपण पुढे, आणि मैदानात आपले चार गडी. आपला चढाईपटू कोणालाही न शिवता राखीव क्षेत्रात शिरला, तेथेच बाद. ९–९, उरले तीन. तिघेच उरले म्हणजे पुढची पकड अव्वल पकड, दोन गुणांची. संकटातच संधी होती. तर कोपऱ्यातल्या गड्याने उतावीळपणे मागे पाय टाकला तो अंतिम रेषेबाहेर. ९–१०, उरले दोन. मग एक चढाईत पकडला गेला, शेवटचा टिपला गेला, आणि लोणाचे दोन धरून ९–१४. पहिल्या दोन बादीत प्रतिपक्षाने बोटही उचलले नव्हते. ते दोन गुण सरळ आपल्या नावे खर्ची. लोणाचे दोन संपूर्ण त्या दोन चुकांच्याच माथी मारता येणार नाहीत, कारण लोण कदाचित तरीही चढला असता, पण वाट तेथूनच सुरू झाली. सामना आपण हरलो दोनच गुणांनी.

गुरुजी : मग शेवटी माझेच खरे ठरले ना? चुकीने सामना गेला.

भाऊसाहेब : आपले खरे ठरले; गावाचे ठरले नाही. जी पकड साऱ्यांनी पाहिली, तिने काही नेले नाही. आणि ज्यांनी नेले, ती दोन पावले कोणी पाहिली नाहीत, कारण तेव्हा आपण पुढे होतो आणि लोक चहा पीत होते.

येथे भाऊसाहेबांनी वही मिटली आणि आपल्या जुन्या खात्याच्या भाषेत जो भेद मांडला, तो मला त्या रात्रीचा सर्वांत मोलाचा भाग वाटला. ते म्हणाले, की जमिनीचा ताबा तीन तऱ्हांनी जातो. एक जप्ती: समोरचा सबळ असतो, तो येतो आणि घेतो, येथे गमावणाऱ्याची चूक असेलही, पण मुख्य गोष्ट घेणाऱ्याचे बळ. दुसरा राजीनामा: जुन्या महसुली व्यवहारात रयत आपण होऊन जमीन सोडी, त्याला राजीनामा म्हणत, कोणी मागितलेली नसताना दिलेली ही वस्तू. आणि तिसरे गहाण: मोठ्या लाभाच्या आशेने, धोका जाणून, आपण वस्तू पणाला लावतो, डाव फसला तर ती जाते, पण लावली नसती तर लाभाची आशाच नव्हती. साखळीत सापडलेला बलाढ्य चढाईपटू ही जप्ती. राखीव क्षेत्रात वृथा पडलेले पाऊल हा राजीनामा. आणि अखेरच्या मिनिटाची तिसरी चढाई हे गहाण. गुणफलकावर तिघांची नोंद एकाच आकड्याने होते, आणि तेथेच आपला विचार फसतो.

गुरुजी : आणि हांगझोचे पाऊल कोणत्या रकान्यात टाकाल? ७ ऑक्टोबर २०२३, आशियाई खेळांचा अंतिम सामना, गुण २८–२८, आणि आपला पवन सेहरावत कोणाला न शिवता राखीव क्षेत्रात गेला. तुमच्या भाषेत निव्वळ राजीनामा!

भाऊसाहेब : आणि त्याच्यामागे इराणचे चार गडी त्याच क्षेत्रात धावले. नियम कोणता लावायचा, यावर वाद माजून खेळ बराच वेळ थांबला. आणि अखेरचा निवाडा असा झाला, की भारताला चार, इराणला एक. त्यानंतरच्या एका गुणाने सामना ३३–२९. राजीनामा आपण दिला आणि जमीन त्यांची गेली. म्हणून तर म्हणतो, गुरुजी, की नुसते ताबे मोजून निकालाचे कारण सापडत नाही. कोणत्या स्थितीत गेला, कोणी नेला, आणि गेल्यानंतर मागचे काय करीत होते, हे तीन प्रश्न विचारावेच लागतात.

गुरुजी : तुमचे तीन प्रश्न सामना संपल्यानंतरचे आहेत. मला सामन्यापूर्वी पोरांपुढे उभे राहावे लागते. तेथे मी असे सांगू लागलो, की बाबांनो, सापडणे हे कधी कारण असते आणि कधी परिणाम असते, तर त्यांचे पाय हलायचे नाहीत. मी म्हणणार, सापडू नका.

भाऊसाहेब : तेच म्हणा. पण बफेलोच्या त्या सामन्यातली एक गोष्ट त्यांना अवश्य सांगा. चौथा डाव चालू होता, डॅलसच्या नावावर बावन्न गुण लागले होते, आणि बफेलोच्या हातून चेंडू पुन्हा निसटला. तो डॅलसच्या लिऑन लेट नावाच्या धिप्पाड गड्याने उचलला आणि तो चौसष्ट यार्ड धावत सुटला. समोर कोणी नव्हते. गोलरेषेशी येताना त्याने वेग कमी केला आणि चेंडू धरलेला हात बाजूला पसरला. आणि पाठीमागून बफेलोचा डॉन बीबी, जो सारे मैदान पालथे घालून धावत आला होता, त्याने रेषेच्या अलीकडे तो चेंडू थापट मारून उडवला. निकालात त्याने काही बदलले नाही. पराभव पराभवच राहिला. पण त्या सामन्यातले आठवण्याजोगे जे आहे, त्यात ती धाव आहे.

गुरुजी : हरलेल्या सामन्यात तो धावला का?

भाऊसाहेब : ते आपण मला सांगायचे. माझ्या वहीत त्याला रकाना नाही.

गुरुजींनी उत्तर दिले नाही; त्यांनी काठी उचलली आणि ते उठले. मी त्यांच्याबरोबर निघालो. जाताना मला असे वाटत होते, की दोघांपैकी कोणीही हरला नव्हता, आणि तरी दोघांचे म्हणणे जेथे आरंभी होते तेथे राहिले नव्हते. भाऊसाहेबांचा हिशेब भूतकाळाचा होता, आणि भूतकाळाचा न्याय करताना कारण व परिणाम यांची निवड केलीच पाहिजे, नाहीतर साऱ्या गावाचा पराभव एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या पाठीवर लादला जातो. गुरुजींचा धडा भविष्याचा होता, आणि भविष्याची तयारी करताना प्रत्येक पाऊल कारणच मानावे लागते, कारण त्याखेरीज माणसाच्या हाती दुसरे काही नाही. ज्या समाजाला पहिली गोष्ट कळत नाही, तो निष्ठुर होतो. ज्याला दुसरी कळत नाही, तो ढिला पडतो. ज्या संजीवनी प्रकारातून आजचा खेळ आला, त्याने या दोन्ही गोष्टी केव्हाच एका नियमात गुंफून ठेवल्या आहेत: बाद झालेल्याने बाहेर बसायचे, आणि उरलेल्यांनी त्याला उठवायचे.

तो मुलगा आम्ही जवळ येताच चादर सावरून उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, “गुरुजी, माझ्यामुळे...”

“शेवटच्या चढाईचे नंतर,” गुरुजी म्हणाले. “तुझ्या जागी मी असतो, तर ती मीही तशीच केली असती. नवव्या गुणावर कोण बाद झाला होता?”

मुलाने क्षणभर आठवले. “मीच.”

“चल, दाखव.”

मैदानातले दिवे विझवले गेले होते. मंडपाकडून येणाऱ्या उजेडावर तिघे चालत गेलो. कोंडा साऱ्या दिवसाच्या पावलांनी तुडवला गेला होता आणि राखीव क्षेत्राची फक्की कित्येक ठिकाणी पुसली गेली होती. मुलगा रेषेच्या कडेने चालत गेला, एका जागी थांबला, मागे सरला, आणि पुन्हा पुढे येऊन त्याने उजवा पाय टेकवला. “येथे. मला वाटले, त्याला हात लागला.”

“लागला होता?”

“नाही.”

गुरुजींनी काठीच्या टोकाने पुसलेली रेषा त्याच्या पायाच्या अलीकडून मातीत ओढली, सरळ, मैदानाच्या टोकापर्यंत. मंडपात पेटीचे सूर लागले आणि पहिली घंटा झाली. मुलगा अजून पाय तेथेच ठेवून त्या रेषेकडे पाहत होता. “आता तेथून परत ये,” गुरुजी म्हणाले, आणि स्वतः कोपऱ्यातल्या गड्याच्या जागी, काठी बाजूला टाकून, हात पसरून उभे राहिले.